शेळीला छत्री

प्रिय सई, प्रिय अर्णव,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, मे महिन्यात येताना शब्बीरकाकांसाठी कुठला नवा गेम आणू?" मी म्हटलं, विचार करून कळवते. तुम्हाला वाटलं असेल, आजीला त्यातलं काय कळणार! कळतं, बाळांनो. गेलं वर्षभर रोज दुपारी चार वाजता मी दुसरं काय करते आहे? खरं सांगायचं तर दमले आहे. पण हे उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. शब्बीरभाई नेमके कसे आहेत हे कळल्याशिवाय तुम्ही हमखास चुकीचा गेम आणाल, म्हणून लिहायला बसले.

शब्बीरभाई आमच्या घरात शिरले की आधी वस्तू उचलतात. टेबलावरचं पेन, टीव्हीचा रिमोट, माझी सुपारीची डबी, काहीही. उचलायची, उलटी करून बघायची, शेजारच्या वस्तूला लावून बघायची आणि मग ठेवायची. पुष्कळदा ठेवायची राहून जाते. एकदा त्यांच्या शर्टाच्या खिशातून आमच्या फ्रिजवरचं चुंबक, एक रबरबँड आणि फुलवातीचं पाकीट निघालं.

"शब्बीरभाई, फुलवातींचं काय करणार होतात?"

"पुढं कामाला येतंय की, वैनी."

हे त्यांचं पालुपद. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत तुटक्या छत्रीची काडी, साबणाची वडी, दोरी आणि एक चमचा कायम असतो. मागे एकदा सोसायटीचं फाटक अडकलं. सकाळची वेळ, ऑफिसला निघालेल्या सगळ्यांच्या गाड्या रांगेत. शब्बीरभाईंनी डिकी उघडली. बिजागरीला साबण लावला, फटीत काडी घातली, कडीला दोरी बांधून ओढली, शेवटी चमचासुद्धा झाला. प्रत्येक वेळी मान हलवून म्हणायचे, "असं व्हत न्हाय." मग वॉचमनने पुढे येऊन फाटक बाहेरच्या बाजूला ढकललं. ते उघडंच होतं, आम्ही सगळे उलट्या बाजूला ओढत होतो. शब्बीरभाई गंभीरपणे म्हणाले, "आधी ढकलून बघाया पायजे व्हतं. माझंच चुकलं."

हे सगळं वेड त्यांना तुमच्यामुळे लागलं. अर्णव, गेल्या सुट्टीत तू आजोबांच्या कॉम्प्युटरवर तो पोस्टमनचा गेम घातलास, तेव्हा ते खिरीचा डबा परत द्यायला आले होते. समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात, पण तुमच्याशी तोवर नुसतं हसण्यापुरतं. मूळचे वळसंगचे, जन्मभर टेम्पो चालवला, अकलूजपर्यंत माल पोचवला. आता टेम्पो मुलाकडे आहे. ते उभ्या उभ्या बघत राहिले. पडद्यावरचा पोस्टमन कुणाच्या तरी अंगणात शिरला आणि दोरी उचलून त्याने ती कोटात घातली.

"चोरी करतोय की ह्यो!"

"काका, गेममध्ये चालतं," तू म्हणालास.

"आणि ह्याला कुणी बोलत न्हाय?"

"नाही."

"मारत बी न्हाईत?"

"ह्यात कुणी मरत नाही, काका. घाई पण नाही. तुम्ही थांबलात की तोही थांबतो."

हे ऐकून ते खाली बसले. "थांबतोय?" त्यांनी परत विचारलं. तुम्ही जायच्या आदल्या दिवशी त्यांनी तुझ्याकडून तोच गेम मुलाच्या जुन्या लॅपटॉपवरही घालून घेतला. तरी खेळायला येतात आमच्याकडेच. कारण गेम इंग्रजी आणि इंग्रजी वाचणारी मी.

गेम वाईट नाही, हे मी सुरुवातीलाच मान्य करते. चित्रं हाताने काढल्यासारखी, समुद्राचा रंग प्रत्येक वेळी थोडा वेगळा. बेटावरची माणसं एकमेकांशी नीट बोलतात. पण जीव नकोसा करण्याची ताकदही त्याच्यात आहे. गवताच्या रंगाची किल्ली गवतात टाकलेली, आणि ती माझ्यासारख्या मोतीबिंदू काढलेल्या बाईने शोधायची. अक्षरं मुंगीएवढी. पोस्टमन असा चालतो की वाटतं, ह्याची बदली झाली तर बरं. आणि काही कोडी तर ज्याने रचली त्यालाच सुटावीत.

शेळीचंच घ्या. दीपगृहाच्या दारात एक शेळी बसलेली असते. ती उठल्याशिवाय दार उघडत नाही. उत्तर काय, तर म्हाताऱ्या कोळिणीकडून मध आणायचा, तो चर्चच्या घंटेला लावायचा, मग माशा येणार, मग घंटा वाजणार, मग शेळी उठणार.

"वैनी," शब्बीरभाई म्हणाले, "आमच्या वळसंगला शेळी उठवाया पाला दावत्यात."

"मला सांगू नका. त्यांना सांगा."

"मध! शेळीला!" दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नसावं.

पण माझा खरा कंटाळा वेगळाच होता. कोडं सुटलं तरी हा माणूस पुढे जायचा नाही. उत्तर सापडलं की गेम मागे न्यायचे आणि उरलेल्या सगळ्या चुका करून बघायचे. शेळीला दोरी. शेळीला पत्र. शेळीला दुर्बीण. दर वेळी पोस्टमन इंग्रजीत काहीतरी म्हणायचा आणि मी ते मराठीत सांगायचं.

"अहो, शेळी उठली की मघाशी. पुढे चला."

"थांबा की वैनी. छत्री दावून बघू."

छत्री दाखवली.

"काय म्हनला?"

"म्हणतो, हिला पावसाची काळजी दिसत नाही."

"फिरून सांगा."

मी फिरून सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटलं, मान हलवली आणि शेळीला टोपी दाखवली. ज्या ठिकाणी पोस्टमन दर चुकीला तेच ते एक वाक्य म्हणायचा, "हे जमणार नाही," तिथे मात्र ते चिडायचे. "दमला व्हय रं लिवणारा? धा चुका केल्या तर धा जबाब द्याया नकोत?"

मला वाटायचं, दमायची पाळी माझी आहे.

आजोबा कोपऱ्यात शब्दकोडं घेऊन बसलेले असत. त्यांना हा प्रकार पसंत नव्हता. शब्बीरभाई गेले की म्हणायचे, "घरात बायको आजारी, आणि हा शेळीला टोपी घालतोय!"

त्यांच्या बायकोला, मेहरूनभाभींना, तुम्ही पाहिलं होतं ते खिडकीतल्या खुर्चीत. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आहे. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. एकच शब्द राहिला, "नक्को." चहा देऊ? नक्को. खिडकी उघडू? नक्को. मग चहा घेतात, खिडकीतून बघतातही. पण तोंडून येतं ते तेवढंच. ह्या बाई पूर्वी जिन्यात उभ्या राहून तळमजल्यावरच्या भाजीवाल्याशी तिसऱ्या मजल्यावरून भांडायच्या आणि भांडण झालं की दोघं हसायची. झटक्यानंतर ते हसणं जिन्यात कुणी ऐकलं नव्हतं.

एकदा आजोबांनी मुद्दाम खोडी काढली. त्या गेममध्ये एक बटण आहे; दाबलं की चित्रातल्या उचलण्यासारख्या सगळ्या वस्तू चमकायला लागतात. आजकालच्या गेमांत असतंच म्हणे, कुणाला त्रास नको म्हणून. मला तर ते बटण देवाने दिल्यासारखं वाटलं. आजोबांनी उठून पटकन ते दाबलं. शब्बीरभाईंचा चेहरा उतरला.

"नका ओ दादा. तिकडं त्ये बटन चालत न्हाय."

"तिकडं म्हणजे कुठं?"

ते उठले. स्कूटरची किल्ली उचलून निघून गेले. किल्लीबरोबर माझा चष्माही गेला.

चष्म्याशिवाय माझं पान हलत नाही. दिवेलागणीला मी समोर गेले. त्यांची सून सलमा दार उघडून बोटाने "गप्प" अशी खूण करून बाजूला झाली. मी तिथेच थांबले.

मेहरूनभाभी लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. डावा हात माऊसवर. मागे शब्बीरभाई उभे, दोन्ही हात पाठीशी बांधलेले, जणू त्यांना गेममधलं ओ की ठो कळत नाही. भाभींनी बराच वेळ घेऊन छत्री उचलली आणि शेळीवर नेऊन ठेवली. पोस्टमन इंग्रजीत बोलला. शब्बीरभाई त्याच्याच आवाजात म्हणाले:

"बकरीकू छत्री कायकू दिखारी गे? इनो क्या बारिश में बजार जारी?"

मी असं भाषांतर केलं नव्हतं. पण वाक्य त्याच शेळीचं होतं.

भाभींनी टोपी उचलली. त्यालाही उत्तर तयार होतं. दोरीला होतं, पत्राला होतं. मग त्या अडल्या, हात मांडीवर पडला. शब्बीरभाई छताकडे बघत म्हणाले, "आज माशा लई झाल्यात, न्हाय सलमा? गोड सांडलंय वाटतं कुटं." भाभी पडद्याकडे बघत राहिल्या. खूप वेळाने हात परत माऊसवर गेला आणि मधाच्या बरणीवर थांबला. घंटा वाजली, शेळी उठली. भाभी मागे वळून नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "नक्को!" आणि हसल्या. जिन्यात ऐकू यायचं तेच हसणं, थोडं वाकडं झालेलं.

शब्बीरभाई म्हणाले, "मला कसं सुचलं न्हाय बग. तूच हुशार."

मग त्यांना मी दिसले. त्यांनी खिशातून माझा चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि हातात दिला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आल्यावर त्यांनी कुठलीही वस्तू न उचलता सांगितलं. "तिला कळतंय समदं, वैनी. बटन दाबून वस्तू चमकावल्या की तोंड फिरवती. म्हणती, म्हंजे म्हणत न्हाय, पण मला कळतंय, की मला वेडी समजतोस व्हय. आणि ती कशाला काय लावंल ह्याचा नेम न्हाय. समदं आधी इचारून ठेवाया लागतंय."

आजोबा शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाले, "शब्बीर, शेळीला पोस्टमनची पिशवी दाखवलीस का? राहिली असेल."

"राहिली की, दादा!"

तेव्हापासून कोपऱ्यातली खुर्ची कॉम्प्युटरजवळ आली.

गेल्या महिन्यात गेम संपला. इतकी सुंदर चित्रं काढायची आणि गोष्ट एवढ्यात उरकायची, ही माझी शेवटची तक्रार. दीपगृह लागलं, नावं वर सरकली. शब्बीरभाईंना धास्ती होती की आता काय. भाभींनी स्वतःच पहिलं पान उघडून पोस्टमनला परत बोटीतून उतरवलं. आता दुसऱ्यांदा चाललंय. पण त्यांचा हात लवकर दमतो आहे. अर्ध्या तासाचं बसणं दहा मिनिटांवर आलं आहे. शब्बीरभाईंना सगळी उत्तरं पाठ झाली आहेत, तरी चार वाजता येतात, चुंबक उचलतात, ठेवतात, आणि मला म्हणतात, "पोरं कधी यायची?"

तेव्हा नवा गेम आणाच. चित्रं कशीही चालतील, गोष्ट छोटी चालेल, कोडी विचित्र चालतील. विकत घेण्याआधी एवढंच बघा: मुद्दाम चूक करा, पुन्हा वेगळी चूक करा. दर वेळी तेच वाक्य आलं तर तो गेम तिथेच सोडा. दर चुकीला वेगळं उत्तर देणारा असेल तर घेऊन या. भाषांतराचं मी बघते. नवा चष्माही करून घेतला आहे.

मेहरूनभाभींचे शब्द परत आले नाहीत, आता येतील असं डॉक्टरही म्हणत नाहीत. "नक्को" आहे. आणि हसणं अजून आहे.

तुमची आजी