क्लाइव्ह नेमका कुठल्या पायांनी सरकतो

क्लाइव्हच्या बुडाचा प्रश्न आपणच सोडवावा, असं मी गुरुवारी सकाळी ठरवलं आणि तिथेच चुकलं. (माझ्या बायकोला, ग्लेनिसला विचाराल तर ती सांगेल की मी काहीही ठरवलं की तिथेच चुकतं.)

क्लाइव्ह आमचा कुत्रा. आखूड पाय, लांब अंग, चेहरा निवृत्त हेडमास्तरांचा. टूवुम्बा शहरातल्या आमच्या घरमालकाने कुत्रा ठेवायची परवानगी दिली होती, पण तात्पुरती. पुढच्या तपासणीत कुत्र्यामुळे गालिच्यावर एक डाग जरी दिसला, तर क्लाइव्ह बाहेर. ती तपासणी त्याच गुरुवारी होती, दहा ते दोनच्या दरम्यान. आणि क्लाइव्हने आठवडाभर नवंच खूळ काढलं होतं. जेवण झालं की गालिच्यावर बसायचं आणि बूड घासत खिडकीपर्यंत जायचं. फिक्या गालिच्यावर त्याचा चांगला लांबलचक पिवळट पट्टा उमटला होता.

"मरे, हा गेला तर मला घरात करमायचं नाही," बेकरीत कामाला निघताना ग्लेनिस म्हणाली. (मरे म्हणजे मी.) तिचे डोळे भरले होते. मलाही गलबलून आलं, म्हणून मी रजा टाकली.

"जंत," शेजारचा नेव्ह कुंपणावरून म्हणाला. "भोपळा उकडून घाल."

"जंतांना?"

"कुत्र्याला रे बाबा."

"भोपळ्याने जंत जातात?"

"ते मला काय ठाऊक? आमच्या कुत्रीला आवडायचा."

क्लाइव्हने भोपळा खाल्ला आणि माझ्याकडे बघत खिडकीपर्यंत जाऊन आला. मी पट्टा व्हिनेगरने पुसला. तो दुप्पट रुंद झाला.

शेवटी जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला.

"कुत्र्यांच्या बुडाशी दोन बारीक पिशव्या असतात," नर्स म्हणाली. "त्या तुंबल्या की ते असं घासतात. कधी जंत असतात, कधी नुसती खाज. तुमचा कसा सरकतो? पुढच्या पायांनी ओढत, की मागच्यांनी ढकलत?"

आता आली पंचाईत. आठवडाभर मी पट्टा बघत होतो, पाय कोण बघतंय?

"क्लाइव्ह, करून दाखव," मी म्हणालो. क्लाइव्ह आपल्या चटईवर पुढचे पाय जुळवून बसला होता. तो हलला नाही. मग मी फोन स्पीकरवर टाकून खाली ठेवला, स्वतः गालिच्यावर बसलो आणि सरकायला लागलो.

"हातांनी ओढून जमत नाही," मी ओरडून सांगितलं. "टाचांनी ढकललं तर जातंय."

"सरकताना दुखतंय का?"

"थोडं चुरचुरतंय," मी म्हणालो. (हे मी माझ्यापुरतं सांगितलं. ती कुत्र्याबद्दल विचारत होती, हे नंतर लक्षात आलं.)

खिडकीपाशी वळलो तेव्हा दारात घरमालकाच्या एजंटबाई उभ्या होत्या. हातात किल्ली आणि कॅमेरा.

"मी दोनदा बेल वाजवली," त्या म्हणाल्या.

"हे मी कुत्र्यासाठी करतोय."

त्यांनी क्लाइव्हकडे पाहिलं. क्लाइव्हने जांभई दिली.

"त्याला आवडतं का हे?"

"नाही, म्हणजे, मी फक्त पाय बघत होतो."

"चालू द्या," असं म्हणून त्यांनी फोटो काढला आणि स्वयंपाकघर बघायला गेल्या.

दुपारी दवाखान्यात क्लाइव्हच्या पिशव्या दोन मिनिटांत रिकाम्या झाल्या. सोमवारी एजंटबाईंचा अहवाल आला. कुत्रा अत्यंत शिस्तीचा आहे, परवानगी कायम. गालिच्यावरचा पट्टा भाडेकरूच्या बसून सरकण्याच्या सवयीमुळे पडला आहे. मान्य असल्यास सही करावी.

मी अहवाल तीनदा वाचला. खरं सांगावं, तर क्लाइव्ह जातो. ग्लेनिसने त्याला मांडीवर घेतलं होतं आणि दोघंही माझ्याकडे बघत होते. मी निमूटपणे सही केली.

खाली आणखी एक रकाना होता: 'सवय केव्हापासून आहे?'

"लिही, लहानपणापासून," ग्लेनिस म्हणाली. "उगाच माझ्यावर यायला नको."