बखर तेहेतिसाव्या पानाची

श्रीशारदा प्रसन्न. दौतीतील शाई वाळू न देण्याविषयी तिला साष्टांग विनंती, कां की हकीकत लांब आणि ऊन कडक. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख मास चालू असता एका राज्यात पेन्सिल आणि खोडरबर यांजमध्ये जे युद्ध जाहले, त्याची ही हकीकत. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण त्यातील मंडळी सुखरूप हयात आहेत आणि बखरकारास अद्याप तेथूनच पुस्तके न्यावयाची आहेत. राज्य म्हणावे तर सार्वजनिक ग्रंथालय. तळमजल्यावर वर्तमानपत्रांचा दरबार आणि देवघेवीचा कठडा, माडीवर लाकडी कपाटे आणि त्यांवर घरघरणारे पंखे. सुभेदारी ग्रंथपाल सौदामिनीबाई साखळकर यांजकडे. बाईंचा आवाज हळू, परंतु चष्म्यावरून पाहिले म्हणजे भल्याभल्या सरदारांनी तोंडातील सुपारी गिळावी, ऐसा दरारा.

एके दिवशी बाईंनी राज्याची पाहणी केली, तो असे दिसून आले की तेरा ते सोळा वयाची प्रजा ग्रंथालयात येते ती केवळ थंड पाणी पिण्यास, आणि पाणी पिऊन, तोंड पुसून, पुस्तकांकडे पाठ करून जाते. बाईंस वाईट वाटले. मग त्यांनी मसलत केली आणि उन्हाळी वाचन मोहिमेचा हुकूम काढिला, तो ऐसा: जो पुस्तक वाचून माडीवर सर्वांसमक्ष सांगेल त्यास भरघोस गुण, आणि जो पुस्तकांस कव्हर घालील, फाटके चिकटवील, मळके स्वच्छ करील त्यासही थोडे गुण, आणि सर्वांत अधिक गुण मिळविणारास पुढील खरेदीत आपल्या मर्जीची पुस्तके मागविण्याचा अधिकार. अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरिला आणि फौज जमा जाहली. कोणी हौसेने आले, कोणी पंख्याखाली बसावयास मिळते म्हणून आले, आणि बहुतेकांस मातोश्रींनी पाठविले.

त्या शेवटल्या पथकात शर्वरी घोलप नामे कन्या होती, यंदा नववीतून दहावीत गेलेली, बुद्धी तल्लख, वाचनाचा मात्र जन्मजात कंटाळा. मातोश्रींनी मोबाईल काढून घेतला आणि ग्रंथालयाच्या पायरीवर आणून सोडिले. तिजबरोबर शेजारचा ओवेस बागवान आला, तो खरोखरीचा वाचणारा. पहिल्याच दिवशी शर्वरीने गुणांचा हिशेब मांडिला आणि तिच्या ध्यानी आले की एक पुस्तक वाचावयास जो वेळ लागतो तितक्यात कपाटाचा अख्खा खण स्वच्छ होतो. मग ती पुस्तके उघडून मळ शोधू लागली, आणि शोधता शोधता तिला पान तेहेतीस सापडले. त्या पानाच्या समासात पेन्सिलीच्या खुणाच खुणा, कोठे त्रिशूळ, कोठे लिंबू, कोठे नुसतेच टिंब, कोठे नाजूक कोयरी. ती ओवेसास म्हणाली, "हे बघ. लोकांना काही काम नाही का रे?" आणि तिने पांढरा खोडरबर उपसला.

आता येथे वाचणाऱ्यास रिवाज सांगणे प्राप्त आहे. या राज्यातील वयोवृद्ध वाचक, म्हणजेच सरदार, वर्षानुवर्षे रोज पुस्तक बदलणारे. पुस्तके जुनी होता होता सर्वांस एकसारखी तपकिरी बांधणी चढलेली, आणि कादंबऱ्यांची नावे तरी कोणी लक्षात ठेवावी, कोठे काजळरात्र तर कोठे काजळवाट. नेलेलेच पुस्तक पुन्हा नेऊ नये, याकरिता प्रत्येकाने वाचून संपले की तेहेतिसाव्या पानावर आपली खूण करावी आणि नवे निवडताना ते पान उघडून पाहावे, ऐसा शिरस्ता पिढीजात चालत आला होता. तेहेतीसच का, तर कोणी म्हणत देव तेहेतीस कोटी म्हणून, आणि कोणी म्हणत इतपत वाचले की माणूस पुस्तक अर्धे टाकीत नाही म्हणून. बाई परमुलखातून बदलून आलेल्या, त्यांस हे ठाऊक नव्हते, आणि सरदारांनी सांगितले नाही, कां की पुस्तकांवर लिहू नये ही पाटी दारातच लटकत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, ऐसे त्यांचे राजकारण.

शर्वरीने मोहीम चालविली ती ऐसी की रहस्यकथांचे कपाट पडले, मग सामाजिक कादंबऱ्यांचे पडले, मग प्रवासवर्णने शरण आली, आणि खोडरबराची भुकटी माडीवर भस्मासारखी पसरली. गुणफलकावर तिचे नाव अव्वल चढले आणि ओवेस, ज्याने डोळे शिणवून पुस्तके वाचिली, तो खाली राहिला. तो म्हणाला, "अगं, एखादं वाच तरी." ती म्हणाली, "जिंकल्यावर वाचीन की."

मग आकाश कोसळले. नानासाहेब टिल्लू, निवृत्त अभियंते, त्रिशूळाचे धनी, हे एक रहस्यकथा घेऊन गेले आणि ऐन रंगात आली असता त्यांस आठवले की खून भाच्याने केला आहे. ते उन्हाचे छत्री घेऊन कठड्याशी आले आणि म्हणाले, "बाई, ही मी वाचलेली आहे." बाई म्हणाल्या, "मग दुसरी घ्या." दुसरी घेतली, तीही वाचलेली. मालतीबाई आकूत, लिंबाच्या धनीण, यांची गत त्याहून वाईट. त्या एकच कादंबरी लागोपाठ तीनदा घेऊन गेल्या, आणि तिसऱ्या वेळी सुनेने सांगितले तेव्हां कळले. त्या मात्र म्हणाल्या, "तिन्ही वेळा चांगली वाटली हो." परंतु बाकीचे सरदार खवळले. पाने उघडून पाहतात तो समास कोरेकरकरीत. दरबारात वर्तमानपत्रे आपटली गेली, दैनिकाची आतली पाने भलत्याच दैनिकात गेली, आणि सर्वांनी मिळून अध्यक्ष दादासाहेबांकडे फिर्याद गुदरली की ही पोरांची मोहीम तत्काळ बंद करावी. दादासाहेबांनी शुक्रवारी दरबार भरविण्याचे फर्माविले. बाईंस बोलावून पुसले तेव्हां बाई म्हणाल्या, "स्वच्छतेचा हुकूम माझा होता. मुलांना बोलू नका." आणि वर माडीवर येऊन फौजेस वृत्त सांगितले. करावयास गेल्या गणपती आणि जाहला मारुती, ऐसे बाईंचे जाहले. शर्वरी मात्र हसली. ती म्हणाली, "इतकं काय त्यात? पुन्हा वाचायचं."

दुसरे दिवशी ती कपाटाशी बसली असता भास्करराव उपळेकर आले. हे पोस्टातून निवृत्त, अंगाने कृश, बोलणे बेताचे, कोणत्याही फिर्यादीत नव्हते. ते एक पुस्तक काढीत, पान उघडीत, ठेवीत, मग दुसरे काढीत, ऐसे पुष्कळ वेळ चालले, आणि शेवटी कपाटाचा खण धरून उभे राहिले. शर्वरीस वाटले आजोबांस मदत करावी. ती म्हणाली, "आजोबा, तेहेतीस नंबरचं पान बघताय ना? ते सगळं मी साफ केलंय."

"कोयरी होती का गं?"

"हो, खूप पुस्तकांत होती. कोण होतं काय माहीत, वेड्यासारखी काढून ठेवली होती."

"आमच्या मंडळींची ती," भास्करराव म्हणाले. "कुमुदची."

आणि मग ते बाकावर बसले आणि जे सांगितले ते ऐसे. कुमुदिनीबाई रोज ग्रंथालयात येत आणि हे खाली वर्तमानपत्र वाचीत बसत. पुस्तकास यांनी जन्मात हात लाविला नव्हता. घरी त्या वाचीत बसत, मध्येच हसत, आणि हे पुसत, काय गं, तर त्या म्हणत, तुम्ही वाचाल तेव्हां कळेल. गेल्या साली त्या गेल्या. मग हे माडीवर चढू लागले आणि कोयरीचे पुस्तक शोधून नेऊ लागले, आणि कोठे कोठे त्यांस कळू लागले की ती येथे हसली असेल. ते म्हणाले, "एकेक करत चाललो होतो. बरीच राहिली होती अजून." इतके बोलून त्यांनी हात झटकले, ज्यांस खोडरबराची भुकटी लागली होती, आणि जिना उतरून गेले.

शर्वरी जागची हलली नाही. गुणफलक समोरच होता, त्याजकडे तिने पाहिले नाही. तिला रडू आले आणि ती रडली, हे बखरकार लपवीत नाही. मग ओवेस जवळ आला, त्याने एक पुस्तक उचलिले, खिडकीशी नेऊन पान उन्हात तिरपे धरिले आणि म्हणाला, "पेन्सिल गेली, पण दाब राहतो. हे बघ, त्रिशूळ." खरेच कागदावर त्रिशूळाची खोच होती. मग सारी फौज खिडक्यांशी लोटली. कोणी पुस्तके आणी, कोणी पान तिरपे धरी, कोणी चिठ्ठ्या घाली, आणि बाई जातीनिशी चष्मा पुसून बसल्या. नानासाहेबांचा त्रिशूळ तर असा दाबून कोरलेला की चौतिसाव्या आणि पस्तिसाव्या पानावरही उमटलेला. तो सर्वत्र सापडला. लिंबेही सापडली. परंतु कुमुदिनीबाईंचा हात हलका. ऊन कोणत्याही बाजूने घेतले तरी बहुतेक पुस्तकांत कोयरी दिसेना. गुरुवारी सायंकाळी ऊन उतरले तेव्हां शर्वरीच्या पुढ्यात कोयरी सापडलेली जी पुस्तके होती ती एका कवेत मावतील इतकीच.

शुक्रवारी दरबार भरला. दादासाहेब मधोमध बसले, एका अंगास सरदार, दुसऱ्या अंगास फौज, आणि पंख्याखालची जागा कोणाची यावरून आरंभीच थोडी चकमक जाहली. नानासाहेब उठले. त्यांस आदल्या संध्याकाळीच आपले त्रिशूळ चिठ्ठ्यांसहित परत मिळाले होते, त्यामुळे राग निम्मा उतरलेला, परंतु भाषण तयार करून आणिले होते ते वाया कसे घालवावे, म्हणून त्यांनी ते सगळे केले. मग दादासाहेब बोलिले, "मोहिमेमुळे वाचकांचं नुकसान झालं हे उघड आहे. बंद करावी असं माझं मत. कोणाला काही बोलायचंय?"

शर्वरी उभी राहिली. ती म्हणाली, "मी पहिल्या नंबरवर आहे, पण मी एकही पुस्तक वाचलेलं नाही. नुसती खोडलीत. माझं नाव फलकावरनं काढा. पण बाकीच्यांनी खरंच वाचलंय, त्यांची मोहीम बंद करू नका." आणि ती कवेतली पुस्तके घेऊन भास्कररावांकडे गेली आणि त्यांच्या मांडीवर ठेविली. "आजोबा, एवढीच सापडली. बाकीच्यांत काहीच दिसत नाही. मी खूप बघितलं."

भास्कररावांनी वरचे पुस्तक उघडिले, पान तिरपे धरून पाहिले, बोट फिरविले. मालतीबाईंनी पदर डोळ्यांस लाविला. मग ते म्हणाले, "पोरी, एक सांगू का. मी काय करायचो, कोयरी असली की पुस्तक घ्यायचो, नसली की परत ठेवायचो. तिनं वाचलेलं तेवढं माझं, बाकीचं असून नसल्यासारखं. आता कुठलं तिनं वाचलं आणि कुठलं नाही, मला कळायला मार्गच नाही. मग काय, सगळीच तिची धरायची."

दादासाहेब घोटाळले. ते म्हणाले, "भास्करराव, म्हणजे मोहीम बंद करायची की नाही?"

"नका करू," भास्करराव म्हणाले. "एवढी कपाटं मला एकट्याला व्हायची नाहीत."

दादासाहेबांनी फिर्याद दप्तरी दाखल करून दरबार उठविला. भास्करराव माडीवर चढले आणि पहिल्या कपाटातील पहिले पुस्तक काढून बसले, आणि शर्वरीने त्याच्या शेजारचे काढिले आणि त्यांच्या बाकावर बसली. तेहेतिसावे पान येईतो तिने तीनदा घड्याळ पाहिले, पुढे पाहिले नाही. एकदा ती मध्येच हसली. भास्कररावांनी चष्मा वर करून पुसले, "काय गं?" ती म्हणाली, "तुम्ही वाचाल तेव्हा कळेल." बोलून गेल्यावर तिला कळले आपण काय बोललो, आणि तिने पुस्तकात तोंड घातले. भास्कररावांनी आपले पुस्तक बोट घालून मिटिले, आणि ते म्हणाले, "ते संपलं की इकडे दे."

येणेप्रमाणे उन्हाळी मोहीम फत्ते जाहली. अव्वल मान ओवेस बागवान यास मिळाला, शर्वरीचे एकच पुस्तक पुरे जाहले, आणि बाईंनी नवा हुकूम काढिला की स्वच्छता अवश्य करावी, परंतु बत्तिसाव्या पानावर थांबावे आणि चौतिसाव्यापासून पुढे चालावे. दारातील पाटी तशीच आहे, तिजकडे कोणी पाहत नाही. जैसे घडले तैसे लिहिले, चुकले असेल ते उन्हाच्या माथी मारावे. वाचणाऱ्यांनी सुखे वाचावे, वाचून जाहल्यावर खूण करावी, आणि पेन्सिल जरा दाबून धरावी. इति लेखनसीमा.