अझीमले अडवाचं!

लेकीचं संशोधन आपल्याला तिच्याइतकंच समजलंय, याबद्दल धाडच्या उकंडरावांना तिळमात्र शंका नव्हती! आणि समजलेली गोष्ट पोटात ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बाजाराच्या दिवशी चहाच्या हॉटेलात त्यांनी व्याख्यानच दिलं.

"कॅन्सरच्या गाठीत अझीम असते. सारं काम तोच करते. आमच्या करिष्मानं सीताफळाच्या बियांतून असं काही काढलं, का अझीमले अडवलंच समजा! तो अडला, का वाढ बंद! उद्या बुलढाण्यात मोठ्या साहेबांसमोर मांडणार हाय."

शेवटच्या बाकापर्यंत यातलं अर्धंच पोचलं. जेवढं पोचलं, तेवढं संध्याकाळी बुलढाण्याची जीप चालवणाऱ्या अझीमच्या घरी गेलं.

सकाळी करिष्मा पोस्टर घेऊन बाबांसोबत फाट्यावर उभी राहिली. वर्षभर खपून केलेलं काम स्पर्धेत मांडायचं होतं, उशीर झाला तर नाव कापणार होते. एरवी हाक मारून जागा देणाऱ्या अझीमची जीप आली आणि सरळ निघून गेली! पुढे पॅसेंजर घ्यायला थांबली, तेव्हा उकंडरावांनी धापा टाकत ती गाठली.

"काऊन बे, आम्ही दिसलो नाही का?"

"दिसले ना, काका! पण तुमची पोरगी मलेच अडवाले चालली, अन् मीच तिले सोडू?"

"तुले कोण अडवते?"

"बाजारभर तुम्हीच सांगून राह्यले! दुसरी जीप घेतो म्हटलं, तर माझी वाढ खुपली तुम्हाले?"

अझीमचे डोळे भरून आले. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मागोमाग पोचलेल्या करिष्माने कपाळावर हात मारला.

"अझीमभाई, ते एंझाइम हाय! पेशीतलं काम चालवणारं प्रथिन. बाबांनी त्याचा अझीम केला!"

"मंग बिया खाल्ल्या का कॅन्सर बरा?"

"नाही हो, विषारी असतात! अजून काचेच्या नळीतच तपासणी चालू हाय."

अझीम पोट धरून हसला आणि दोघांना बसवून त्याने जीप अशी हाणली, की पॅसेंजर देवाचं नाव घेऊ लागले. ओशाळलेले उकंडराव मात्र पुन्हा चूक नको म्हणून वाटभर "एंझाइम, एंझाइम" घोकत होते.

सभागृहाचं दार लावत असलेले साहेब कडाडले, "आत्ता येताय?"

करिष्माने घाईघाईने पोस्टर उलगडलं. उकंडराव हात जोडून पुढे सरसावले.

"पोरीची चूक नाही, साहेब! एंझाइमनं जीपच नाही थांबवली!"

साहेबांनी पोस्टर पाहिलं, मग उकंडरावांकडे पाहिलं.

"तू ये आत," ते करिष्माला म्हणाले, "बाबांना मात्र बाहेरच बसू दे."