लाल गाडी आणि गल्लीची टूथपेस्ट

"दवाखान्यातनं जाताना 'येतो' म्हनायचं न्हाई. मागं वळून बघायचं न्हाई. सरळ घरी जावा."

मिरजेच्या दवाखान्यातल्या आयाबाई, जाईबाई, यांनी दोन वर्षांपूर्वी असं बजावलं होतं. ऑपरेशननंतरचे अकरा दिवस त्यांनी विजयमालाबाईंना लेकीसारखं भरवलं होतं. विजयमालाबाईंचे यजमान जोतीराम, लष्करातून निवृत्त झालेले हवालदार, हात जोडून म्हणाले, "बरं. मग तुमी रिटायर व्हाल त्या दिवशी न्यायला येतो. पयलं जेवान आमच्याकडं." 'येतो' शेवटी तोंडातून निसटलंच.

जाईबाई हसल्या. "या. लाल गाडी लांबनं वळखीन मी."

तो दिवस उद्यावर आला, पण पलूसच्या उन्हात उभी राहून राहून गाडी काही लाल उरली नव्हती. पिठात घोळवलेल्या मिरचीसारखी दिसत होती. कराडच्या रंगवणाऱ्यानं सांगितलेला आकडा ऐकून जोतीरामांनी फक्त पाणी मागितलं होतं.

"टूथपेस्ट लाव गड्या," शेजारचे नाथाजी म्हणाले. "वल्ल्या फडक्यानं घासायची. माझ्या मेव्हण्यानं टमटम चमकवली."

बॉनेटचा एक कोपरा घासला, तर फडकं लालभडक!

"आवं, थांबा! रंगच निघाला की!" विजयमालाबाई देवघरातून धावत आल्या. नाथाजींना एकाएकी म्हशीला पाणी पाजायचं आठवलं.

जोतीरामांनी तांब्याभर पाणी ओतलं. वरचा मेलेला रंग वाहून गेला आणि खालून डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल कोपरा हसला. मग काय विचारता! घरातली ट्यूब संपली, नाथाजींची संपली. विरजण मागावं तशा विजयमालाबाई वाटी घेऊन दारोदार टूथपेस्ट मागत फिरल्या. कुणासाठी ते कळल्यावर कुणीच नाही म्हटलं नाही. दिवेलागणीला गल्लीतल्या सगळ्या ट्यूब पिळून झाल्या. उरला फक्त गाडीचा टप.

"जाईबाई ठेंगण्या हायत," विजयमालाबाई म्हणाल्या. "त्यास्नी टप दिसायचा न्हाई."

सकाळी सगळी गल्ली तोंडात कडुलिंबाची काडी धरून गाडी बघायला जमली.

"लय झ्याक!" नाथाजी बाजूला थुंकून म्हणाले. "पन लवंगेचा वास येतोय रं. दाढ दुखत असंल तर हिच्यातच बसायचं."

तेवढ्यात जाईबाईंचा फोन आला. "दादा, परवाच मोतीबिंदू काढला बगा. काळा चष्मा हाय, रंगबिंग काय कळत न्हाई. गेटावर आलासा की हॉर्न वाजवा."

हॉर्न चार महिन्यांपासून मुका होता.

जाईबाई जेवल्याशिवाय विजयमालाबाईंचा आजचा उपास सुटणार नव्हता. त्या आत गेल्या, देवापुढची घंटा पदरानं पुसून आणली आणि पुढच्या सीटवर ठेवली.

"आरती झालीया. सांजच्यापतूर देवाला लागत न्हाई."

जोतीरामांनी गाडी गल्लीबाहेर काढली. पहिल्याच गतिरोधकावर घंटा वाजली, आणि काडी चावत उभ्या असलेल्या गल्लीनं सवयीनं हात जोडले.