सहा पायांचा खेकडा

दिगूभाऊ परबांकडे घड्याळं तीन आहेत आणि तिन्ही बंद आहेत. तुम्ही विचारलंत, "दिगूभाऊ, संध्याकाळी कधी येऊ?" तर उत्तर येतं, "आज षष्ठी ना? मग पूर्ण भरतीला ये." मालवणी माणसाला कळतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. सहाची पाऊणपट साडेचार. आम्ही बाकीचे मुंबईतले चारकोपकर मात्र गच्चीवर जाऊन समुद्र दिसतो का बघायचो.

एकदा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून त्यांनी नोटीस लावली, 'वार्षिक सभा एकादशीला, पूर्ण भरतीला.' सव्वाआठला हजर किती? पाच. पाचही सिंधुदुर्गातले. त्या पाच जणांनी मिळून टाकी, गेट आणि कुत्र्यांचा प्रश्न अकरा मिनिटांत सोडवला. एवढी यशस्वी सभा पृथ्वीवर दुसरी झालेली नाही, मी शपथेवर सांगतो.

हा पाऊणपटीचा हिशेब त्यांना वडिलांकडून मिळाला. वडील गिरणीत होते, पण डोळा सतत गावच्या खाडीवर. दिगूभाऊ एका कंपनीत कॉम्प्युटर खात्यात चिकटले, निवृत्त झाले आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी, द्वितीयेला दीड वाजता, त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. नाव 'पाऊणपट'. होडीवाल्याने फोनवर आपलं बंदर निवडायचं, की भरती-ओहोटी मराठीत बोलून दाखवणार. नेट नको, पैसे नकोत. कोणीही फुकट घ्यावं, आत काय लिहिलंय ते बघावं, सुधारावं.

लोकांनी सुधारलंही. केरळातल्या एका प्राध्यापकाने चंद्राचं गणित बारीक केलं, जर्मनीतल्या कोणीतरी वाऱ्याचा वेग घातला. आज मनोरीपासून मालवणापर्यंत हे सॉफ्टवेअर नसलेली होडी शोधायची तर ती पाण्याखालीच सापडेल.

पण पाऊणपट जगात ओळखलं जातं ते गणितामुळे नाही. ते ओळखलं जातं बाबल्यामुळे.

बाबल्या हा पाऊणपटचा मॅस्कॉट. म्हणजे फोनवर सॉफ्टवेअर उघडलं की आडवा चालत येऊन नांगी हलवणारा खेकडा. पाठ हळदीसारखी पिवळी, नाकावर चष्मा आणि पाय सहा. दोन नांग्या सोडून खेकड्याला पाय आठ असतात, हे चारकोपच्या बाजारातलं मांजरही सांगेल. बाबल्याला सहा!

जर्मनीवाल्याने पत्र पाठवून कारण विचारलं. दिगूभाऊंनी तिथल्या तिथे उत्तर ठोकलं, "आठाची पाऊणपट किती? सहा. आमचा खेकडासुद्धा गणितात चालतो." जर्मन माणूस इतका गहिवरला की त्याने तो खुलासा टी-शर्टावर छापला.

खरं कारण फक्त मला ठाऊक होतं, कारण बाबल्या जन्मला त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. दिगूभाऊ कॉम्प्युटरसमोरून ओरडले, "गो नलू, एक कुर्ली काढून दी! चित्र होया." नलूवहिनी शाळेत चित्रकला शिकवायच्या. पण त्या घटकेला त्या कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, रश्श्यात होत्या. रश्श्यासाठी बारीक पाय मोडून वाटायचे आणि गाळून त्याचं पाणी घालायचं, ही मालवणी रीत. वहिनींनी कॅलेंडरचं पान उलटं केलं, ओट्यावरची कुर्ली समोर ठेवली आणि दिसली तशी काढली. तिचे दोन पाय तेव्हा मिक्सरमध्ये फिरत होते! पाठीवर हळदीचं बोट उमटलं, तोच बाबल्याचा अधिकृत रंग झाला. शेजारी दिगूभाऊंचा चष्मा पडला होता, तोही खेकड्याच्या नाकावर चढला. झेरॉक्सवाल्याकडे पान स्कॅन करून दिगूभाऊ घरी आले ते कोहिनूर आणल्यासारखे.

पुढे दर वर्षी पाऊणपटची नवी आवृत्ती आली आणि दर आवृत्तीत वहिनींनी बाबल्या नव्याने काढला. दुसऱ्या वर्षी नांगी वर गेली. तिसऱ्या वर्षी मिशी आली नि चौथ्या वर्षी लोकाग्रहास्तव गेली. पाचव्या वर्षापासून त्याच्या रेघेला लाटा आल्या. आधी बारीक, मग ठळक. पाठ, पाय, नांग्या, सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं थरथरतं. लोक वेडे झाले. केरळच्या प्राध्यापकाने लिहिलं, 'काय ही जलरेषा!' दिगूभाऊ कोणी भेटलं की फोन नाकाशी धरायचे, "बघ, बघ! असली रेघ जगात कोणाक जमूची नाय."

यंदा मात्र बाबल्यावर बालंट आलं. वांद्र्याची तन्वी ही पाऊणपटमध्ये नव्याने सामील झालेली, मोठी हुशार चित्रकार मुलगी. तिने नवा बाबल्या पाठवला. आठ पाय, काचेवर ओढावी तशी स्वच्छ रेघ. सोबत नम्र चिठ्ठी, 'लहान पडद्यावर जुनी रेघ फाटलेली दिसते. खेकडा बरोबर असावा, असं मला वाटतं.' मुलीचं काही चुकलं नव्हतं. सगळ्यांनी ठरवलं, रविवारी ऑनलाइन बैठकीत मतदान. दिगूभाऊ एवढंच म्हणाले, "प्रोजेक्ट सगळ्यांचो आसा. जास्त मतां पडतीत तो खेकडो."

तन्वीने मला फोन केला. "काका, तुम्ही शेजारी ना? त्यांना माझा राग आलाय का? ते काही बोलतच नाहीत यार."

"विचारून येतो," म्हणालो आणि शनिवारी भरतीच्या वेळेला गेलो. दार उघडंच होतं.

जेवणाच्या टेबलावर कॅलेंडरचं पान होतं. नलूवहिनी पेन धरून बसल्या होत्या आणि त्यांचा हात थरथरत होता. थोडा नाही, कप धरला असता तर निम्मा चहा बशीत गेला असता. समोर दिगूभाऊ उभे, चार कोपऱ्यांपैकी दोन एका हाताने, दोन दुसऱ्या हाताने दाबून. एकदा त्यांचा हात नकळत वहिनींच्या मनगटाकडे गेला.

"हात धरू नको," वहिनी म्हणाल्या, "कागद धर."

त्यांनी कागद धरला.

मी पाच वर्षं ज्या लाटांचं कौतुक करत होतो, त्या समुद्राच्या नव्हत्या. मी, शेजारी, रोज त्यांच्याकडचा चहा पिणारा! तो चहा कधीपासून दिगूभाऊ आणून देतायत, हेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

दिगूभाऊ मला जिन्यापर्यंत पोचवायला आले. "तन्वीला सांगू?" मी विचारलं.

"खबरदार, मेल्या! दयेचा एक मत माका नको. चित्र म्हणून हरला तर हरांदे." मग हळूच म्हणाले, "ती वर्षभर ह्या एका कुर्लीची वाट बघता रे."

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे अख्ख्या चारकोपला माहीत आहे. ती रात्र मी कशी काढली ते मला आणि माझ्या पोटाला ठाऊक.

रविवारी दिगूभाऊंच्या पडद्यावर वीसेक चेहरे जमले. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, वहिनी आत ओट्यापाशी. दोन्ही खेकडे दाखवून झाले. मतदान सुरू होणार, तोच मनोरीचा होडीवाला लॅन्सी म्हणाला, "थांबा रे जरा. मी धक्क्यावर हाय." त्याने फोन फिरवला. त्याच्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बाबल्या रंगवला होता. पुरुषभर उंच, पिवळाजर्द, सहा पायांचा. आणि रेघेतला एकेक थरथराट जसाच्या तसा.

"पेंटरने तीनदा पुसला," लॅन्सी म्हणाला. "बोलला, सरळ रेघ कोण पण मारील, ही हातात येत नाय. चौथ्या टायमाला जमली. आता आठ पाय करायचे तर करा बाबा, पण माझी होडी बदलनार नाय."

तन्वी पडद्याला नाक लावून ती रेघ बघू लागली. मग म्हणाली, "मीसुद्धा ही रेघ काढायचा प्रयत्न केला होता. नाही जमली. म्हणून सरळ केली." आणि तिने स्वतःचा खेकडा मागे घेतला. मतदान झालंच नाही.

दिगूभाऊंनी छाती एवढी फुगवली की खुर्ची मागे सरकली. आतून वहिनींनी विचारलं, "काय झालं हो? पाय मोजले का कोणी?"

"मोजले! सहाच हत!"

वहिनींनी दारात येऊन पडद्यावरची होडी बघितली. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी रेघ अजून हलेल."

"हलांदे," दिगूभाऊ म्हणाले आणि भिंतीकडे जाऊन कॅलेंडरचं सरलेल्या महिन्याचं पान जपून फाडू लागले.