भाकरतुकड्याची मोहीम

कुलस्वामी खंडेराय आणि घरोघरची जागती आई, या उभयतांस आधी दंडवत. मग जे घडले ते पदरचे तिखटमीठ न घालता, जितके डोळ्यांनी पाहिले तितकेच, येथे लिहिले जाते.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मास, प्रांत भीमथडी, मौजे खुटबाव येथे वज्रचुडेमंडित सौभाग्यवती अंकिताबाई या सरकारी आरोग्यसेविका नांदत होत्या. त्यांची कन्या चिरंजीव रेवाबाईसाहेब, उमर महिने दहा, दंत दोन. अंकिताबाईंचा हुकूम ऐसा की रेवाबाईसाहेबांचे मुखी जे जाईल ते आधी मऊ शिजावे, मग कुस्करावे, मग गाळणीतून गाळावे, आणि तदनंतर मातुश्रींनी जातीने चाखून पाहावे. घरातील बटणे, चिंचोके, शेंगदाणे, टाचण्या ऐसा तमाम मुलूख जप्त करून फडताळाचे वरचे कप्प्यात कैद केला होता. सासूबाई गंगाजळनिर्मळ अनसाबाई यांस ही मसलत बिलकूल नामंजूर. त्या रोज भाकरीचा तुकडा घेऊन चाल करीत आणि रोज माघारी फिरत.

"दात कशापायी आल्यात मग पोरीला? फोटू काढाय?" ऐसा त्यांचा सवाल.

खरी धास्त निराळीच होती. अंकिताबाईंची रजा रविवारी सरणार, आणि सोमवारपासून रेवाबाईसाहेब दिवसभर सासूबाईंचे सुभेदारीत. त्यात तुकडा घशी अडकला तर? ऐसे मनी आले की अंकिताबाईंचा घास हाती तसाच राही.

इतक्यात तालुक्याहून फर्मान आले की लहान लेकरांचा श्वास कोंडला असता काय करावे, याची तालीम कसबे दौंड येथे शनिवारी होईल, तमाम आरोग्यसेविकांनी हजर व्हावे. मग अंकिताबाईंनी दुपटी, झबली, गाळणी, थर्मास ऐसा सरंजाम बांधिला, आणि कोणाचे हवाली करण्याची छाती न झाल्याने रेवाबाईसाहेब व सासूबाई यांसह डेमू गाडीत स्वार होऊन दौंड गाठिले.

तेथे शिरूराहून आलेले डॉक्टर सत्यजीत तालीममास्तर होते. त्यांनी मेजावर रबरी बाळ ठेविले. त्याचे घशात लाल गोटी अडकविली होती आणि पुरेसा तडाखा बसला तरच ती सुटे. वरवंडच्या थोरल्या सिस्टर विठाबाई यांनी प्रथम पर्समधून काजळ काढून त्या बाळाचे गाली तीट लाविली, कारण इतक्या जणींची नजर एकदम पडणार. डॉक्टरांनी ते पाहून न पाहिलेसे केले आणि हुकूम सांगितला की, बाळ पालथे हातावर घ्यावे, डोके खाली ठेवावे, तळहाताचे टाचेने पाठीवर दोहो खवाट्यांचे मधोमध पाच तडाखे द्यावे. तेवढ्याने न सुटल्यास उताणे करून छातीवर दोन बोटांनी पाच वेळा दाबावे. घशात न पाहता बोट घालू नये. आणि सर्वांत मोठे कलम हे की, लेकराचा खोकला जोरात वाजतो आहे तोवर त्यास खोकू द्यावे. आवाज बंद पडला की मग हात चालवावा.

मग हल्ला सुरू झाला आणि फौजेची दाणादाण उडाली. बावीस वर्षे सुया टोचून गावेच्या गावे रडविणाऱ्या विठाबाईंनी बाळास ऐसे थोपटले की ते झोपावे. अंकिताबाईंची पाळी आली. त्यांनी हात उगारिला, तोच दारात आजीचे काखेला बसलेल्या रेवाबाईसाहेब दिसल्या, आणि हात पिसासारखा खाली आला. गोटी जागची हलली नाही.

"मॅडम, झोपवायचं नाहीये, वाचवायचंय," डॉक्टर म्हणाले. अंकिताबाईंचे डोळे भरले.

हे अनसाबाईंस सोसवले नाही. त्यांचे सासर-माहेर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे हिंडलेले. त्यांनी रेवाबाईसाहेबांस विठाबाईंचे स्वाधीन केले, पदर खोचला, रबरी बाळ दोन्ही पायांनी उलटे टांगिले आणि पाठीत ऐसी थाप हाणिली की गोटी उडून डॉक्टरांचे चहात पडली.

"आजी, टांगायचं नाही!" डॉक्टर ओरडले, आणि कपात पाहून म्हणाले, "पण जोर मात्र असाच पाहिजे."

अनसाबाई सुनेकडे वळल्या. "अगं, कोकरू गप पडलं तर मी त्याला गोंजारत बसंन व्हय? तवा आपुन रडायचं न्हाई. त्यानं रडाय पायजे."

मग अंकिताबाईंनी डोळे पुसले, बाळ हातावर पालथे घेतले, डोके खाली केले आणि मोजून तडाखे दिले. चौथ्यास गोटी टप्पकन भुईवर आली आणि सिस्टर मंडळींनी टाळ्यांचा गजर केला. परतताना डेमूत त्यांनी सासूबाईंकडून दुपट्याचे गाठोड्यावर हेच दहा वेळा करवून घेतले, पाय न धरता. समोरचा उतारू घाबरून दुसरे बाकावर गेला.

प्रशस्तिपत्र मिळाले, परंतु फत्ते अद्याप दूर होती.

रविवारी दोन प्रहरी खुटबावी ओट्यावर अंकिताबाईंनी आपले हाताने भाकरीचा तुकडा मोडला, दुधात भिजवून मऊ केला आणि कन्येपुढे धरिला. सासूबाई शेजारी सरसावून बसल्या. रेवाबाईसाहेबांनी दोन दातांनिशी चढाई केली, आणि तिसऱ्या घासास ठसका लागला. मुद्रा लाल झाली. अंकिताबाईंचा हात वर गेला.

"आवाज हाय का?" अनसाबाईंनी पुसले.

अंकिताबाईंनी कान दिला. खोकला खणखणीत वाजत होता.

"आहे, आत्या."

"मग खोकू दे की."

तडाखा शिकलेला तो हात गुडघ्यावर येऊन थांबला. तीन ठसके झाले, चौथ्यास तुकडा आजीचे लुगड्यावर येऊन पडला, आणि रेवाबाईसाहेबांनी पुन्हा आ केला.

येणेप्रमाणे भाकरतुकड्याची मोहीम फत्ते जाहली. सोमवारी नवाचे सुमारास अंकिताबाई गाळणी घरी टाकून कामावर रुजू होण्यास निघाल्या. वळणापर्यंत त्यांनी तीन वेळा मागे पाहिले. वळणापुढचे लेखकास दिसले नाही, सबब लिहिले नाही.