भिवाजीच्या भट्टीची तपासणी

भिवाजीच्या तोंडून कधी नकार निघत नसे, आणि कर्जतच्या सगळ्या बाजाराला हे ठाऊक होते. अशा माणसाला लोक भला म्हणतात आणि त्याच्याकडून हवे ते करून घेतात.

बाजाराच्या पार शेवटी त्याची चुरमुऱ्यांची भट्टी होती. स्टेशनात गाडी थांबली की उतारूंना गरम चुरमुरे विकायचे, एवढ्या एकाच गोष्टीचा त्याने ध्यास घेतला होता. पण मुंबईत प्लेग आल्यापासून नियम झाला होता, की आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टरने जागा पाहून दाखला दिल्याशिवाय फलाटावर टोपली न्यायची नाही. तो इन्स्पेक्टर उद्या येणार होता. भिवाजी आणि त्याची बायको बायजा यांनी भिंतींना चुना दिला, जमीन सारवली, आणि चुरमुरे भाजायची वाळूसुद्धा धुऊन वाळवली.

संध्याकाळी मधुशेट हलवाई हंडा घेऊन दारात उभा राहिला.

"भिवाजी, ह्यो खवा जरा तुझ्याकडं राहू दे रं. थोडा आंबलाय."

"शेट, उद्या तपासणी हाय..."

"म्हणून तर! सायेब सकाळच्या गाडीनं उतरणार, स्टेशनाकडून सुरू करणार. माझं दुकान बघून तो पुढं सरकला का मी मागल्या गल्लीनं हंडा घेऊन जातो. तुझ्यापातूर यायला त्याला दुपार व्हईल. आन दाखल्यावर बाजाराच्या पंचाची सही लागते. पंच कोण हाय?"

"तुमीच की."

"मग झालं तर!"

बायजा आतून कडाडली, "आपल्याकडं नको म्हणून सांगा!"

"शेजारी हायेत गं," भिवाजी पुटपुटला, आणि हंडा आत गेला.

ही बातमी फुटायला कितीसा वेळ लागणार? खानावळवाला कमळ्या काळ्याकुट्ट तेलाचे डबे घेऊन आला. गजा वाण्याने पोरकिडे पडलेले पीठ आणले, वर मेलेल्या उंदरासकट पिंजराही आणला. "आता ह्यो कुठं टाकू? सकाळी नेतोच," म्हणाला. मधुशेटचा हंडा ठेवल्यावर गजाला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचे? अंधार पडेपर्यंत सगळ्या बाजाराची घाण त्या चुना दिलेल्या भिंतींमध्ये येऊन बसली.

सकाळी बाजार स्टेशनाकडे डोळे लावून बसला. पण इन्स्पेक्टर शरच्चंद्र प्रधान गाडीने आलेच नाहीत. आदल्या दिवशी ते माथेरानला गार हवा खायला गेले होते. तिथून चौक गावी उतरून घोड्यावरून आले ते थेट बाजाराच्या मागल्या टोकाला. समोर पहिलीच भट्टी भिवाजीची.

"हे काय?" त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"खवा, सायेब."

"चुरमुऱ्यांत खवा घालता?"

"नाय, सायेब."

"आणि हा उंदीरही घालत नसाल! माल कुणाचा आहे?"

भिवाजीला मधुशेटची सही आठवली. त्याने मान खाली घातली. बायजाला मात्र राहवले नाही. "मधुशेटचा खवा हाय! उंदीर गजाचा!"

दोघांना बोलावणे गेले. मधुशेट गजाला घेऊन हात जोडून आला. "आमचा? सायेब, दुकानी चला, डोळ्यांनी बघा."

साहेबांनी पाहिले. बाजारात माशी नव्हती, सगळ्या भिवाजीकडे होत्या. मधुशेटला तिथल्या तिथे फलाटाचा दाखला मिळाला. भिवाजीच्या भट्टीला कुलूप आणि वर लाखेचे सील लागले.

चार दिवसांनी मधुशेट आला. माफी मागायला आला असेल, असे भिवाजीला वाटले. असल्या माणसांना असेच वाटत राहते.

"सायेब दर महिन्याला येणार म्हणतो," मधुशेट म्हणाला. "पण सील लावलेल्या जागेत तो काय पाय टाकत नाय. तुझ्या घरातून भट्टीत जायला मागलं दार हाय ना? तपासणी आली का आमचा माल तिथं ठेवत जाऊ."

भिवाजी ताडकन उठून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने ओरडून सांगितले, "नाय! नाय ठेवायचा!"

"गप बसा!" बायजा पुढे आली. तिचे डोळे रडून सुजले होते. "भट्टी बंद, चूल बंद. पोरं काय खातील, तुमचा नकार? शेट, माल ठेवा. पण ह्यांना कामाला लावा."

"लावतो की! फलाटावर पेढे विकायला माणूस पायजेच हाय."

दुसऱ्या दिवशी गाडी थांबली आणि भिवाजी डोक्यावर टोपली घेऊन फलाटावर धावू लागला. पेढे ताजे आहेत का, असे विचारणाऱ्याला तो हो म्हणत होता. एका म्हाताऱ्या उतारूने खिडकीतून हाक मारली, "अरे, इथे कुणी चुरमुरे नाही का रे विकत?"

"होता एक," भिवाजी म्हणाला. "सरकारनं बंद केला. लई घाण माणूस होता म्हणत्यात."